ब्रेक आर्डिसचे

टोर्सडाल गावात आर्डिसच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. बाई पासष्टी उलटलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण जीभ अशी की ती हार्डवेअरच्या दुकानात शिरली की आधीची गिऱ्हाइकं काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर पडत. नवरा चांगला होता बिचारा, लवकर गेला. गावातले वाह्यात लोक म्हणत, सुटला. तिने सगळा जन्म डेअरीतली यंत्रं दुरुस्त करण्यात घालवला होता, आणि त्या यंत्रांशीसुद्धा ती भांडतच बोलायची. पण गाव तिला ओळखत होतं ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. तिच्या भावाच्या ट्रकचे ब्रेक तिच्या मालकीचे होते.

हे जरा नीट सांगायला हवं. ट्रक म्हणजे एकतीस सालचा छोटा पिकअप, बापाने जवानीत घेतलेला, हिरवा, गोल डोळ्यांचा. बाप थोरवाल्ड स्कार मरायला टेकला तेव्हा पाद्रीबुवा, बायको आणि दोन्ही पोरं उशापायथ्याशी उभी होती. त्याने डोळे उघडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ट्रक नॉर्व्हलचा. ब्रेक आर्डिसचे. तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." झालं. एवढं बोलून म्हातारा गेला आणि मागे कायमचं भांडण ठेवून गेला.

आर्डिसने ते वाक्य छातीवर बिल्ल्यासारखं लावून घेतलं. बापाने शेत दिलं नाही, घर दिलं नाही, ट्रकसुद्धा दिला नाही, पण भरवसा टाकला तो माझ्यावर, असं ती ज्याला त्याला ऐकवायची. आणि नॉर्व्हलला तेच वाक्य काट्यासारखं सलायचं. तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा, ऐटबाज, केस अजून पाण्याने चापून बसवणारा माणूस तो. बापाने मरता मरता पाद्रीबुवांसमोर सांगितलं की पोराच्या हाती ब्रेक देण्यात अर्थ नाही, असाच त्याने त्याचा अर्थ घेतला होता. तेव्हापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

तरी पंचवीसेक वर्षं एक रिवाज चालू होता. एप्रिल सरता सरता एका सकाळी ट्रक आर्डिसच्या शेडसमोर उभा दिसायचा, किल्ली सीटवर. नॉर्व्हलचा पत्ता नाही. ती आठवडाभर ट्रकखाली आडवी व्हायची, ब्रेक लावून द्यायची, आणि ट्रक त्याच्या अंगणात नेऊन सोडायची, किल्ली सीटवर. शब्दाची देवाणघेवाण नाही. ना "ये", ना "जा".

हे सगळं कशासाठी, तर सतरा मेसाठी. तो नॉर्वेचा राष्ट्रीय दिन, आणि त्या दिवशी नॉर्वेहून येऊन गावात वसलेली माणसं मिरवणूक काढतात. चर्च टेकडीच्या माथ्यावर, मैदान पायथ्याशी, आणि मधला रस्ता असा उतरता की हिवाळ्यात पोस्टमनसुद्धा तिथून बसून घसरत येतो. पुढे झेंडे घेतलेली शाळेची पोरं, त्यांच्या पाठोपाठ स्कारांचा ट्रक, आणि ट्रकच्या हौद्यात खुर्चीवर गावातली सगळ्यांत वयस्क बाई. बरोबर अर्ध्या उतारावर, बँकेच्या कोपऱ्याशी, जिथे उतार सगळ्यांत वाईट, तिथे ट्रक थांबवायचा आणि सगळे मिळून म्हणतात ते गाणं संपेपर्यंत थांबवून ठेवायचा. म्हातारी हात हलवते, लोक डोळे पुसतात. बापाच्या वेळेपासून ट्रक चालवायचा मुलाने, आणि मागच्या चाकाजवळून लाकडाची उटी, म्हणजे पाचर, हातात धरून चालायचं मुलीने. ट्रक सुटलाच तर चाकाखाली सारायची. ती उटी आर्डिसने इतकी वर्षं वाहिली होती, पण कधी वापरावी लागली नव्हती.

या वर्षी खुर्चीवर बसायचा मान होता बोर्गहिल्ड स्कारचा. म्हणजे या दोघांच्या आईचा. शहाण्णव वर्षांची म्हातारी, कान तिखट, पाय गेलेले.

आणि नेमक्या याच वर्षी ट्रक आर्डिसच्या दारात आला नाही.

त्याचं कारण मागच्या हिवाळ्यातलं. नॉर्व्हलने आईला टेकडीमागच्या वृद्धाश्रमात ठेवलं, आणि आर्डिसला ते कळलं चर्चच्या जेवणात, ताटात मासा असताना. तिने तिथेच, सगळ्यांच्या देखत, काटा खाली ठेवून सांगितलं, की याला आई काय आणि ट्रक काय, वर्षातून एकदा मिरवायला मिळालं म्हणजे झालं. लोकांनी माना खाली घातल्या. नॉर्व्हल उठून गेला तो गेलाच. एप्रिल सरला, मे उजाडला, शेडपुढची जागा मोकळीच. आर्डिस रोज सकाळी पडदा बाजूला करून बघायची आणि स्वतःलाच शिव्या घालत चुलीकडे वळायची.

मंगळवारी मिरवणुकीची तालीम होती. ती बँकेसमोर उभी राहिली, हाताची घडी घालून. ट्रक नवा रंग लावून नवरदेवासारखा आला, उतारावर थांबला, नॉर्व्हलने तिच्याकडे न बघता तिला दाखवण्यासाठीच दोनदा पायडल दाबलं. शेजारी हार्डवेअरवाला गेलन बसला होता, दात काढून. हौद्यात खुर्ची होती, पण रिकामी.

आर्डिस वाकली. ट्रकखालून नजर टाकली मात्र, काय करून ठेवलंय ते तिला दिसलं.

या ट्रकच्या ब्रेकमध्ये तेल नाही, नळी नाही. पायडल दाबलं की पोटाखालचा एक आडवा दांडा फिरतो, तो चार लांब रॉड ओढतो, आणि प्रत्येक रॉड आपापल्या चाकावरचा आखूड दांडा खेचतो. मग आतल्या ब्रेक शूच्या पट्ट्या चाकाच्या ड्रमला भिडतात. सगळा कारभार लोखंडाने लोखंड ओढण्याचा. प्रत्येक सांध्यात एक पिन, आणि पिन झिजते, भोक झिजतं, गोल भोक हळूहळू लांबट होतं. मग पायडल खोल जायला लागतं. यावर खरा इलाज म्हणजे भोकं भरून पुन्हा पाडायची आणि नव्या पिना घालायच्या. पण ते जिकिरीचं काम. त्यापेक्षा रॉडचं टोक आट्यांवर फिरवून रॉडच थोडा आखूड केला की पायडल लगेच वर येतं, टणक लागतं, आणि माणूस खूश होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रॉड आखूड झाला की चाकावरचे दांडे आधीच ओढलेले राहतात. हातपंपाचा दांडा अगोदरच खाली दाबून ठेवला तर पाणी कुठून येणार? रिकाम्या ट्रकला तो ब्रेक पुरतो. भरलेल्याला, उतारावर, गाणं संपेपर्यंत, पुरत नाही.

ती तिथेच ओरडली. नॉर्व्हलने खिडकीतून मान काढली.

"रॉड आखूड केलेस ना? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"ट्रक थांबला ना? मग झालं तर. तुझ्याशिवाय थांबला, हे तुझं दुखणं आहे."

"आई बसणारेय त्यात. पुढे पोरं असणारेत."

"माझीही आईच आहे ती," नॉर्व्हल म्हणाला आणि काच वर केली.

आर्डिस मिरवणुकीच्या मंडळींकडे गेली. त्यांनी तिला कॉफी दिली, गोडाची वडी दिली, आणि तिचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखं केलं. गेलनने सांगितलं की त्याने स्वतः पायडल दाबून पाहिलं, दगडासारखं आहे. तिची पाठ वळली तेव्हा कुणीतरी म्हणालं, मान गेला म्हणून चडफडतेय. चूक कुणाची? ज्या बाईने वर्षानुवर्षं प्रत्येक गोष्टीवर आरडाओरडा केला, तिचा खरा आरडाओरडा कुणाला ओळखू येणार?

बुधवारी दुपारी नॉर्व्हल आश्रमात आईला भेटायला गेला असताना आर्डिस चर्चच्या पडवीत शिरली. तालमीनंतर ट्रक तिथेच उभा करून ठेवला होता. तिने आधी चारही चाकांना ठोकळे लावले, कारण राग आला तरी पद्धत सोडायची नाही. मग गुडघ्यांना शिव्या देत खाली सरकली, पिना उपटल्या, आणि चारही रॉड खांद्यावर टाकून भर रस्त्याने घरी चालू लागली. लांब रॉड मागे लवत होते, एकमेकांवर वाजत होते. न्हाव्याच्या दुकानातले लोक वस्तरा थांबवून बघत राहिले. पाद्रीणबाईंनी अडवलं, हे काय, म्हणून. आर्डिस म्हणाली, "ट्रक त्याचा आहे, त्याला मी शिवले नाही. ब्रेक माझे होते, ते नेतेय."

तासाभरात नॉर्व्हल शेडच्या दारात हजर. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच तो त्या उंबऱ्याशी उभा राहिला होता, तोही तोंड लालबुंद करून. त्याने पोलीस काढले, वकील काढला, बापाची अब्रू काढली. तिने काहीच काढलं नाही. तिने नुसतं दाराकडे बोट केलं.

ते दार बापाच्या जुन्या शेडचं होतं. शेत विकलं तेव्हा आर्डिसच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं, हे दार तेवढं तिने बिजागऱ्यांसकट काढून आणलं होतं, आणि तेव्हा नॉर्व्हल म्हणाला होता, वेडी आहे. दाराच्या आतल्या बाजूला बापाने दोन खिळे ठोकले होते. रॉडची दोन्ही टोकं त्या दोन खिळ्यांत बसली की माप बरोबर. चारही रॉडना एकच माप.

तिने पहिला रॉड वरच्या खिळ्याला अडकवला. खालचं टोक खिळ्यापासून बोटभर वर लोंबकळत राहिलं. तिने दुसरा अडकवला. तोही तसाच. तिसरा लावायला तिने त्याच्या हातात दिला.

नॉर्व्हलने तो लावून पाहिला. तोही बोटभर आखूडच. मग म्हणाला, "खिळे हलले असतील."

"असतील," आर्डिस म्हणाली. "तू गेल्यावर विचारते त्यांना."

तो पाय आपटत गेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. पण पोलीस आले नाहीत, आणि संध्याकाळी शेडच्या बाहेर गेलनच्या दुकानातल्या कागदात गुंडाळलेल्या नव्या पिना पायरीवर ठेवलेल्या सापडल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. आर्डिसने त्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाली, मापाच्या आहेत, नशीब.

मग ती कामाला लागली. प्रत्येक रॉडच्या टोकाला दोन बोटांच्या चिमट्यासारखा तुकडा असतो, त्याची भोकं पावट्यासारखी लांबट झाली होती. तिने ती वेल्डिंगने बुजवली, कानशीने सपाट केली, नवी भोकं पाडली आणि रीमर फिरवून इतकी चोख केली की पिन अंगठ्याच्या दाबाने आत जायची, पण हलवली तर हलायची नाही. रॉडची टोकं आट्यांवर उलटी फिरवून चारही रॉड त्या दोन खिळ्यांच्या मापाला आणले. मग चाकांवरच्या दांड्यांची पाळी. त्यासाठी चर्चच्या पडवीत जावं लागलं. नॉर्व्हल तिथे आधीच बसला होता, हात बांधून, राखण करत. तिने जॅक लावला, तो बघत राहिला. तिने पाना मागितला नाही, त्याने दिला नाही. एकदा तिचा गुडघा अडकून ती ट्रकखाली तशीच पडून राहिली, तेव्हा तो म्हणाला, "मेलीस का?" ती म्हणाली, "तुझ्या आधी नाही." त्या दोन दिवसांत त्यांच्यात झालेलं संभाषण एवढंच.

शुक्रवारी तिन्हीसांजेला तिने चारही चाकं उचलून एकेक फिरवून पाहिली. दांडे मागे झुकलेले, जसे असायला हवे तसे. पायडल दाबल्यावर चारही चाकं एकदम धरत होती. ती हात पुसत उठली आणि किल्ली सीटवर ठेवून घरी गेली.

शनिवारी, सतरा मेला, माथ्यावर सगळं गाव जमलं. आश्रमाच्या गाडीतून बोर्गहिल्डबाई आल्या, काळा लोकरी पोशाख, छातीवर आजीच्या वेळची चांदीची लटकनं. चार जणांनी उचलून त्यांना हौद्यातल्या खुर्चीवर बसवलं, कमरेला पट्टा बांधला. आर्डिस उटी घेऊन मागच्या चाकाशी उभी राहिली. पोरं पुढे झेंडे हलवत होती. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अशा वेळी या दोघांना गप्प राहवतंय होय?

नॉर्व्हल ट्रकला वळसा घालून आला आणि हळू आवाजात म्हणाला, आज काही झालं तर बापाचा हुकूम पाळल्याचं फळ म्हणून गावाला सांगीन. आर्डिस म्हणाली, बापाला माणूस कळत होता, म्हणूनच तुझ्या हाती ब्रेक दिले नाहीत. तो म्हणाला, त्या एका वाक्याने माझा जन्मभर पाणउतारा केला, आणि तू ते वाक्य रोज घासूनपुसून ठेवलंस. ती म्हणाली, ठेवीन, माझ्याकडे दुसरं काय ठेवलंय तुम्ही.

वर हौद्यात काठी आपटली.

"तुमचा बाप ब्रेकचं काही बोलला नव्हता," म्हातारी म्हणाली. "त्याला मरताना एवढं सुचतंय होय? तो सगळं नॉर्व्हलला देऊन मोकळा होत होता. मी त्याच्या कानाशी लागले, असं असं म्हण, म्हणून. त्याने ते नुसतं म्हटलं, एवढंच."

दोघांनी वर पाहिलं.

"का?" आर्डिसने विचारलं.

"का म्हणजे? लहानपणापासून तुम्ही मांजर-कुत्रं. म्हटलं, आम्ही गेल्यावर ही दोघं एकमेकांचं तोंड बघायची नाहीत. निदान वर्षातून एकदा ट्रक घेऊन याला हिच्या दारात जावं लागेल. ही कॉफी पाजेल, हा पिईल. तर हा किल्ली ठेवून पळतो आणि ही पडद्याआडून बघते. पंचवीस वर्षं. चुकलंच माझं, घर मागून द्यायला हवं होतं हिला." मग तिने शाल ओढून घेतली. "चला आता, थंडी वाजतेय."

बँड वाजायला लागला. नॉर्व्हल जाऊन चालकाच्या जागेवर बसला. आर्डिस चाकाशेजारून चालू लागली, आणि तिला रस्ता नीट दिसत नव्हता. बापाने आपल्यावर भरवसा टाकला, या एका गोष्टीवर तिने इतकी वर्षं काढली होती, आणि बापाच्या ते मनातसुद्धा नव्हतं. फार लागलं तिला. भर मिरवणुकीत बसकण मारावीशी वाटली. पण समोर उतार होता, वर आई होती, पुढे पोरं होती. ती चाकाकडे बघत चालत राहिली.

बँकेचा कोपरा आला. नॉर्व्हलने पायडल दाबलं. ट्रक जरा पुढे झुकला, चारही चाकांनी एकदम रस्ता धरला, आणि ट्रक थांबला. गाणं सुरू झालं. तिने उटी दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पोरांतली एक मुलगी झेंडा टाकून मागे वळली, बरोबर ट्रकच्या नाकासमोर येऊन तो उचलला आणि सावकाश परत गेली. ट्रक तसूभर हलला नाही. वर म्हातारी माश्या वारल्यासारखा हात हलवत होती आणि लोक डोळे पुसत होते. आरशातून नॉर्व्हल मागे बघत होता. गर्दीकडे नाही, तिच्याकडे. तिनेही बघून घेतलं आणि मान फिरवली.

संध्याकाळी ती शेडमध्ये हत्यारं पुसत बसली होती, तेव्हा बाहेर ओळखीची घरघर ऐकू आली. तिने सवयीने शेडच्या खिडकीचा पडदा बाजूला केला. ट्रक नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला. ती थांबली, आता किल्ली ठेवून जाईल म्हणून. तो उतरला, पण गेला नाही. दाराशी येऊन उभा राहिला, त्या दोन खिळ्यांकडे बघत.

"पुढचं उजवं चाक ओढतंय," तो म्हणाला.

हे धादांत खोटं होतं. सबंध उतारभर ती मागून चालली होती आणि ट्रक रेघ मारल्यासारखा रस्त्याच्या मधून गेला होता. तिने चारही चाकं स्वतःच्या हाताने लावली होती. हे त्याच्या तोंडावर फेकायला तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

"फार ओढतंय?"

"जरासं."

"आत घे मग. वेळ लागेल."

"लागू दे," म्हणून नॉर्व्हलने ट्रक आत घेतला, कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. "कॉफी आहे का काही?"

"सकाळची आहे. कडू झाली असेल."

"तुझी कधी गोड होती?"

तिने कप त्याच्यासमोर आदळला, पाना उचलला, आणि गुडघ्यांना शिव्या देत ट्रकखाली सरकली. पुढच्या उजव्या रॉडचा नट होता तिथेच, घट्ट होता. तिने तो सावकाश सैल केला, आणि मग सावकाश पुन्हा आवळायला घेतला.